हमी संपल्यानंतरचा उन्हाळा

मित्रांनो, मला पाहून तुम्ही नवाच म्हणाल. दारावर ओरखडा नाही, मोरपंखी रंग अजून चकाकतो आहे. पण भंगाराच्या गाडीवर चढता चढता राहिलेल्याला जुना म्हणायला काय हरकत आहे? मी एक फ्रीज आहे. रोहिणखेडला भिमाबाईंच्या घरात, स्वयंपाकघराच्या दाराशेजारी उभा असतो. बोलायची सवय मला नाही, नुसतं घुरघुरायची आहे. आज मात्र तुम्हांला माझी गोष्ट सांगावीशी वाटते, कारण ज्यांनी मला वाचवलं त्यांचे आभार मानायचे राहून गेले आहेत.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. पत्रा वाकवून माझं अंग केलं, भिंतींत फेस भरून तो घट्ट होऊ दिला. खाली पाठीशी कॉम्प्रेसर बसवला. त्याला माझं हृदय समजा. त्या हृदयातून निघणारा गॅस तांब्याच्या बारीक नळ्यांतून अंगभर फिरतो आणि आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. एवढंच माझं काम. शेकडो हातांनी मला घडवलं आणि ते सगळे हात चांगलेच होते. फक्त मागच्या बाजूला, दोन नळ्या जिथं एकमेकींना मिळतात, तिथला एक जोड कच्चा राहिला. तो कोणाला दिसला नाही. मलाही कळला नाही. अंगातला दोष सुरुवातीला दुखत नसतो.

ट्रकातून मी मलकापूरला आलो. स्टेशनच्या रस्त्यावर मोतीरामभाऊंचं दुकान आहे. तिथं रेल्वेच्या शिट्ट्या ऐकत मी काही दिवस काढले. मग दसऱ्याच्या आधी एक म्हातारं जोडपं आलं. भिमाबाई आणि त्यांचे यजमान गुलाबराव. गुलाबरावांचं आयुष्य जिनिंगमध्ये कापसाचे गठ्ठे उचलण्यात गेलं होतं. आता त्यांना साखरेचा आजार होता आणि रोज इन्सुलिनचं इंजेक्शन घ्यावं लागे. ते औषध थंड जागी ठेवावं लागतं. उन्हात तापलं तर त्यातला गुण जातो. बाहेरगावी नोकरी करणाऱ्या अश्वजितनं, म्हणजे त्यांच्या मुलानं, फोनवर बजावलं होतं, "बाबांच्या औषधासाठी फ्रीज घ्याच."

भिमाबाईंनी दुकानातले सगळे फ्रीज उघडून पाहिले आणि माझ्या दाराच्या आतल्या कप्प्यावर बोट ठेवलं.

"शिशी इथं बरोबर बसन. हाच द्या."

मोतीरामभाऊंनी पावती केली, एका वर्षाच्या हमीचं कार्ड दिलं आणि म्हणाले, "मावशी, काही झालं तर मले सांगा. मी बसलोच आहे."

हे वाक्य भिमाबाईंनी मनापासून खरं मानलं. मित्रांनो, पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

घरी आल्यावर सुनेनं, सारिकानं, माझ्या डोक्यावर पांढरा रुमाल अंथरला. त्यावर मेणबत्ती लावली आणि सगळ्यांनी मिळून वंदना म्हटली. मग भिमाबाईंनी पहिली शिशी माझ्या दारात ठेवली. मला किती अभिमान वाटला म्हणून सांगू! दूध, भाजी, कोथिंबीर तर सगळेच फ्रीज सांभाळतात. माझ्याकडे एका माणसाचा जीव सांभाळायला दिला होता.

पहिला हिवाळा छान गेला. चैत्र लागला आणि त्या कच्च्या जोडातून माझा गॅस हळूहळू झिरपू लागला. कॉम्प्रेसर धापा टाकी, पण बर्फ धरेना, पाणी गार होईना. भिमाबाईंच्या ते लगेच लक्षात आलं. त्यांना फोनवर लिहिता येत नाही, पण बोलून पाठवता येतं. त्यांनी मोतीरामभाऊंना निरोप बोलून पाठवला. थोड्या वेळानं उत्तरादाखल जोडलेल्या हातांचं चित्र आलं.

"पाहा," भिमाबाई म्हणाल्या, "भाऊनं हात जोडले. आता माणूस धाडतीन."

माणूस काही आला नाही. पाऊस सुरू झाला, हवा गार झाली आणि उरल्यासुरल्या गॅसवर मी पुन्हा बऱ्यापैकी काम करू लागलो. तेव्हा भिमाबाई काय म्हणाल्या, ऐका.

"भाऊनं तिथूनच दुरुस्त केला वाटते. आता सगळं फोनवरूनच होते."

गुलाबराव खूप हसले. "अवं, तो फ्रीज हाये, का वाट चुकलेली बकरी? तिथून हाक मारली अन् आला ठिकाणावर!"

भादव्यात उकाडा वाढला आणि मी पुन्हा गळपटलो. भिमाबाईंनी पुन्हा निरोप पाठवला. पुन्हा जोडलेले हात आले. मग दसरा उलटून गेला आणि माझ्या हमीचं वर्ष संपलं. थंडीत माझा आजार झाकला गेला. थंडीत कोणताही फ्रीज शहाणाच दिसतो. पण होळीनंतर एक दिवस माझ्या अंगातला गॅस पुरता संपला. दार उघडलं की आतून कोमट वाफ येई. दूध नासलं. शिशी हातात घेऊन भिमाबाई माझ्यासमोर नुसत्या उभ्या राहिल्या.

त्या दिवसापासून इन्सुलिन माठात राहू लागलं. भिमाबाईंनी एका मोठ्या माठात वाळू भरली, त्यात लहान मडकं बसवलं आणि मडक्यात शिशी ठेवली. सकाळ-दुपार-संध्याकाळ त्या वाळूवर पाणी शिंपडत. माझं काम तो माठ करत होता आणि मी शेजारी उभा राहून पाहत होतो. त्याचाही मी ऋणी आहे. पण वैशाख अजून पुढं होता, आणि बुलढाण्याकडच्या सपाटीवरचा वैशाख कसा भाजून काढतो ते तुम्हांला ठाऊक आहे. ओली वाळू दुपारपर्यंत कोरडी पडू लागली. गुलाबरावांची साखरही वर-खाली होऊ लागली. औषध बिघडलं की पथ्य चुकलं, कोणाला कळेना.

सारिकानं कंपनीला फोन केला. पलीकडून गोड आवाजात उत्तर आलं, "मॅडम, वॉरंटी संपली आहे. दुरुस्तीचा पूर्ण खर्च तुम्हाला करावा लागेल."

एके सकाळी रस्त्यावर भंगारवाल्याची हाक आली. गुलाबराव उठले.

"याले देऊन टाकू. उभ्या उभ्या जागा अडवून राह्यला. हमी संपली म्हणजे संपलं."

"अन् औषध?" भिमाबाईंनी विचारलं.

"माठ हाये न."

"माठ वैशाखात टिकते का?"

भंगारवाला दाराशी येऊन माझ्याकडे पाहून गेला. माझं वजन किती भरेल याचा तो अंदाज घेत होता. इतक्यात सारिकानं सासूला विचारलं, "आत्याबाई, हा पहिल्यांदा बिघडला तवा हमी चालू होती न?"

"हाव न. मी भाऊले दोनदा बोलून पाठवलं."

"मंग थांबा, मामाजी," तिनं सासऱ्यांना अडवलं. "दादा, तुम्ही जा आज."

भंगारवाला पुढं गेला. सारिकानं ग्राहकांसाठी असलेल्या सरकारी मदतीच्या नंबरवर, एकोणीसशे पंधरावर, फोन लावला आणि सगळं सांगितलं. त्यांनी तक्रार नोंदवून घेतली, तिचा क्रमांक दिला आणि ती कंपनीकडे पाठवली. काही दिवसांनी कंपनीचा माणूस पाहणीला आला. त्याचं नाव कुलदीप. दुकानदारालाही बोलावलं होतं, म्हणून मोतीरामभाऊही आले.

कुलदीपनं माझ्याभोवती फेरी मारली. डोक्यावरचा रुमाल उचलला.

"इथं मेण सांडलंय. फ्रीजवर मेणबत्ती लावता? असा वापर केला तर जबाबदारी ग्राहकाची येते."

"बापू," गुलाबराव शांतपणे म्हणाले, "मेण वरतं सांडलं. बिघाड मागं, खाली. मेण काय जिना उतरून गेलं?"

मोतीरामभाऊंना हसू आलं, पण त्यांनी ते मिशीत दाबलं. कुलदीपनं फाईल उघडली.

"आजोबा, ते जाऊ द्या. मुद्दा असा आहे, हमीच्या काळात या फ्रीजची एकही तक्रार आमच्याकडे नाही."

"मावशी, खरं सांगतो," मोतीरामभाऊ म्हणाले, "फ्रीजचं तुम्ही मले कधी बोलल्याच नाही. बाकी सगळं बोलल्या."

भिमाबाईंचा चेहरा उतरला. त्यांच्या शब्दावर कोणी शंका घेतलेली मी तोवर पाहिली नव्हती. त्यांनी सुनेकडे पाहिलं.

"सारिका, लाव."

सारिकानं फोन माझ्या डोक्यावर ठेवला आणि मागच्या वर्षीचा निरोप लावला. तारीख फोनवर दिसतच होती. भिमाबाईंचा आवाज घरात घुमू लागला.

"जय भीम, मोतीरामभाऊ. मी रोहिणखेडची भिमाबाई बोलून राह्यली. तब्येतपाणी बरी हाये न? तुमच्या वैष्णवीचं जमलं म्हणे, लय बरं झालं. पोरगा कुठचा? इकडं ऊन लय हाये. आमच्या शेजारच्या सहदेवची म्हैस व्याली, वगार झाली…"

"हे ऐकलं होतं मी," मोतीरामभाऊ म्हणाले. "वैष्णवीचं विचारलं म्हणून तर हात जोडले."

"… चीक धाडतो म्हनला, आठ दिस झाले, अजून वाटीभर नाही धाडला…"

"जरा पुढं घ्या ना," कुलदीप म्हणाला.

"नाही बाबा," भिमाबाई म्हणाल्या. "पुरं ऐक."

सहदेवच्या म्हशीचं बोलून झालं, कोणाच्या तरी गुडघ्याच्या ऑपरेशनचं झालं, कांद्याच्या रोपाचं झालं. गुलाबराव कुलदीपच्या कानाशी वाकले. "हिचं बोलणं म्हणजे गावोगावची एस.टी. सगळे थांबे घेते, पण पोचते बरं." आणि तेवढ्यात निरोपाच्या अगदी शेवटी आवाज जरा खाली आला.

"… अन् हाव भाऊ, तो फ्रीज पाणी गार करून नाही राह्यला. आमच्या मालकाच्या औषधाची शिशी त्यातच असते. एखादा माणूस धाडजा. ठेवते."

सारिकानं भादव्यातला दुसरा निरोप लावला. तोही तसाच होता: आधी सगळ्यांची खुशाली, आणि मग शेवटी, "भाऊ, फ्रीज पुन्हा तसाच झाला."

"आत्याबाई, तक्रार पहिली सांगायची असते," सारिका हळूच म्हणाली.

"काऊन वो? माणसाले आधी माणूस पुसावा का फ्रीज?"

सारिकानं फोन उचलून बंद केला.

मोतीरामभाऊ खाली पाहत होते. मित्रांनो, त्या वेळी त्यांना हात झटकता आले असते. "हे खुशालीचं बोलणं होतं, ही काही तक्रार नव्हे," असं म्हणायला किती वेळ लागतो? कंपनीशी वाकडं घेणं दुकानदाराला परवडत नाही. माझं हृदय तेव्हा बंद होतं, नाहीतर ते थांबलंच असतं.

"कुलदीपभाऊ," ते म्हणाले, "मावशीनं दोनदा तक्रार केली. दोन्ही वेळा हमी चालू होती. चूक माझी आहे. मी अर्ध्यावर बंद करून हात जोडत होतो. दुकानात केलेली तक्रार ती तुमच्याकडंच केली. तसं मी लिहून देतो."

कुलदीपनं पिशवीतून छोटी टाकी काढली, माझ्या नळ्यांत हवा भरली आणि मागच्या जोडांवर साबणाचं पाणी लावलं. एका जोडावर बारीक बुडबुडा आला, फुगला, फुटला, पुन्हा आला.

"हा जोड कारखान्यातूनच कच्चा आलाय," तो म्हणाला. "यात तुमचा काही दोष नाही. मी तसंच लिहितो."

तरी कंपनीनं एकदम मान्य केलं नाही. अर्धा खर्च तुम्ही द्या, असं कळवलं. सारिकानं उत्तर दिलं, "दोष जन्माचा आहे आणि तक्रार वेळेतली आहे. नाहीतर आम्ही बुलढाण्याला जिल्हा ग्राहक आयोगात जातो. तिथं वकील लागतोच असं नाही, आम्हांला बोलता येतं."

"बोलता तर येतेच," गुलाबराव म्हणाले. "आयोगाले दोन दिस काढून ठेवा म्हना, ही बोलनार हाये."

बुलढाण्याला जायची वेळ आली नाही. वैशाख लागायच्या आत कुलदीप परत आला. त्यानं तो जोड कापून नवा पक्का केला, नवा गॅस भरला आणि एक पैसाही घेतला नाही. माझं हृदय धडधडू लागलं. घरातल्या सगळ्यांनी माझ्या आत हात घालून पाहिला, गारवा यायच्या आधीपासूनच.

संध्याकाळी भिमाबाईंनी नवी शिशी आणली, माझ्या दारात ठेवली आणि दार लावलं. मग पुन्हा उघडून पाहिलं. दुसऱ्या दिवशी गुलाबरावांनी शिशी काढून गालाला लावली आणि डोळे मिटले. त्यांच्या गालाचा तो गारवा माझा होता. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं बक्षीस मला त्या दिवशी मिळालं.

मित्रांनो, यात माझी हुशारी काहीच नाही. मला वाचवलं माणसांनी. भिमाबाईंनी धीर सोडला नाही. सारिकानं प्रश्न विचारला. मोतीरामभाऊ खरं बोलले, आणि कुलदीपनं बुडबुडा पाहिला तसाच लिहिला. या सगळ्यांचे उपकार माझ्या प्रत्येक घुरघुरीत आहेत.

तुमच्या घरीही एखादं यंत्र आजारी पडेल. त्याची पावती आणि हमीचं कार्ड जपून ठेवा. पहिला बिघाड दिसेल त्याच दिवशी तक्रार करा, कंपनीकडे करा आणि तिचा क्रमांक मागून घ्या. हमी संपल्यावरचा प्रत्येक बिघाड कंपनीच्या माथी मारू नका. आम्हीही थकतो, झिजतो. पण दोष जन्माचा असेल, किंवा तक्रार वेळेत केलेली असेल, तर हमी संपली म्हणून तुमचा हक्क संपत नाही. शांतपणे मागा, आणि नाही म्हटलं तरी पुन्हा मागा. आणि उद्या तुम्ही दुकानात बसलात, कचेरीत बसलात, तर समोरच्याचं बोलणं शेवटच्या शब्दापर्यंत ऐका. दुखणं पुष्कळदा शेवटीच सांगितलं जातं.

माझं स्वतःचं मागणं अगदी लहान आहे. पाणी घ्यायला आलात की माझं दार उघडं टाकून विचार करत उभे राहू नका. हवं ते घ्या आणि दार लावा. आत कोणाचं तरी औषध असतं.