धुळीचा आळ

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे. पण तोंड बघायचा नव्हे. वाळू वितळवून मला ओतलं, कितीतरी महिने घासलं, वर ॲल्युमिनियमचा पातळ मुलामा दिला आणि उझबेकिस्तानातल्या एका डोंगरावर दुर्बिणीच्या तळाशी बसवलं. तेव्हापासून आभाळ न्याहाळणं हाच माझा संसार. तारुण्यात पाहुणे येऊन कौतुक करायचे. म्हातारपणी वाट्याला आळ आले.

त्या वर्षी मुहय्यो नावाची संशोधक एका दीर्घिकेचा, म्हणजे ताऱ्यांच्या गावाचा, प्रकाश मोजत होती. गाव इतकं लांब, की प्रकाश पोचेपर्यंत युगं लोटलेली. आम्हाला दिसत होतं ते त्याचं बाळपण. पण प्रकाश अपेक्षेहून मंद आणि तांबूस यायचा.

"आरशावर धूळ बसलीय," आमचे प्रमुख एरगाश आका म्हणाले. थोरल्या माणसाला इथे आका, म्हणजे दादा, म्हणतात. मला धुतलं. तरी मंदच. पुन्हा धुतलं. दर धुण्याला मुलामा झिजत होता.

एका सकाळी ते दोघं माझ्याशेजारीच चहाला बसले. "याला आता उतरवू या," आका म्हणाले. "म्हाताऱ्याला मोतीबिंदू झालाय."

"आणि तुमचा चष्मा शेवटचा कधी धुतलात, आका?"

मुहय्यो पियाल्यातला चहा पुन्हा किटलीत ओतत होती. आमच्याकडे असा तीनदा उलटवल्याशिवाय तो कुणाला देत नाहीत. दाराबाहेर दक्षिणेचा धुळीचा वारा सुटला होता आणि सूर्य पिकल्या जर्दाळूसारखा दिसत होता. तिचा हात तसाच थांबला.

"आका, या वाऱ्यात सूर्य तांबडा का होतो?"

"धूळ निळा उजेड अडवते, तांबडा सोडते. हे काय विचारणं झालं?"

"मग आभाळात त्या दीर्घिकेशेजारी दिसणारे आपल्या जवळचे तारे तांबडे का नाही झाले? तेही याच हवेतून येतात, याच आरशात पडतात. ते तर लख्ख आहेत. धूळ आपली नाही, आका. तिथलीच आहे."

"एवढ्या कोवळ्या गावात धूळ आली कुठून?"

"मोठे तारे अल्पायुषी. भराभर जळतात नि फुटतात. त्यांचीच राख."

आकांनी चष्मा काढला. तो सदऱ्याला पुसत म्हणाले, "राहू दे म्हाताऱ्याला. तू आधी चहा दे."

मित्रांनो, मी अजून तिथेच आहे. एखादी वस्तू मंदावली, की लगेच तिलाच घासायला धावू नका. तिच्या पलीकडेही बघा. धुळीवर माझा राग नाही. मी ज्या वाळूचा, तीही कधीकाळी अशीच फुटल्या ताऱ्यांतून आली. त्या गावातल्या धुळीचाही कुणी एक दिवस आरसा ओतेल. त्याला मऊ हातांनी धुवावं, एवढंच मागणं.