मनगटाचे दोन वेढे

मी एक जुना चामड्याचा पट्टा आहे, मित्रांनो. कुत्र्याच्या गळ्यातला नव्हे बरं का. तो वेगळा, आखूड, दिवसभर मानेला बिलगून बसणारा. मी लांब. माझ्या एका टोकाला लोखंडी आकडा आहे, तो गळ्यातल्या पट्ट्याच्या कडीत अडकतो. दुसऱ्या टोकाला चामडं दुमडून शिवलेली मूठ आहे, ती माणसाच्या हातात असते. आमच्या घरात मला सगळे 'साखळी' म्हणतात. माझ्या अंगात साखळीची एक कडी सापडली तर शपथ! पण पट्ट्याचं ऐकतो कोण?

मला एका मावशींनी घडवलं. चामड्याच्या वस्तू शिवणं हा त्यांचा धंदा. त्यांचं दुकान म्हणजे एक लांबट खोली, एक खिडकी आणि चामड्याचा, मेणाचा वास. त्यांनी मला मोठ्या कातड्यातून सरळ कापून काढलं, माझ्या कडा घासल्या, आरीने भोकं पाडली आणि मेण लावलेल्या दोऱ्याने माझी दोन्ही टोकं शिवली. मावशी तोंडाच्या फटकळ होत्या. शेवटचा टाका घालून झाल्यावर त्यांनी मला टेबलाच्या पायात अडकवलं आणि सगळं वजन टाकून ओढलं. टेबल सरकलं, मी तसूभर ढळलो नाही. "टेबल मोडेल, पण हा तुटायचा नाही," त्या म्हणाल्या. तेव्हाच माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. चामड्यावर मांस कसं चढेल, असं विचारू नका.

मला विकत घेतलं ते घरं शाकारणाऱ्या एका गृहस्थांनी. शाकारणं म्हणजे छपरावरची कौलं उतरवायची, फुटकी बदलायची आणि पुन्हा नीट रचायची. त्यांच्या लेकीमुळे मीही त्यांना बाबाच म्हणतो. दुकानात बाबांनी माझा रंग पाहिला नाही, शिवण पाहिली नाही. त्यांनी मला मनगटाला दोन वेढे दिले आणि झटका मारला. "चांगला आहे," एवढंच म्हणाले.

हे दोन वेढे त्यांच्या हाडीमाशी खिळलेले होते. कौलांची टोपली कप्पीवरून वर ओढताना ते दोर असाच मनगटाला गुंडाळत. खाली माणसं उभी असतात. दोर निसटला तर टोपली कुणाच्या तरी डोक्यावर. त्यामुळे धरलेलं सोडायचं नाही, हा त्यांचा नियम होता. तरुणपणापासून ते तसेच काम करत आले होते आणि त्यांच्या हातून एकही टोपली पडली नव्हती. मलाही हा नियम फार आवडला. मी कशासाठी जन्मलो होतो? धरून ठेवायलाच ना!

आता आमच्या कुत्रीची, भिंगरीची, ओळख करून देतो. काळीभोर, पाय पांढरे, एक कान उभा आणि एक पडका. नाव शोभेल अशीच होती ती. मला खुंटीवरून काढलं की लगेच स्वतःभोवती गोल गोल फिरायची. मग मला तिच्या कडीत अडकवणं म्हणजे आईची कसरत. आई इस्त्रीचं दुकान चालवायची, दिवसभर उभी असायची. "बाई, जरा स्थिर राहशील का? शर्टसुद्धा तुझ्यापेक्षा शहाणा!" असं म्हणत ती आकडा लावायची.

सुरुवातीची वर्षं आम्ही गल्लीतच फिरलो. पण आमचं घर वस्तीच्या टोकाला होतं. पुढे ओढा, ओढ्यापलीकडे कुरणं आणि झाडी. सुट्टीच्या दिवशी सगळे मिळून तिकडे फिरायला जाऊ लागलो. बाहेरून ते रान किती निवांत दिसतं! पण कुत्र्याच्या उंचीवरून पाहिलं की कळतं, तिथे पावलोपावली काहीतरी टपून बसलेलं असतं. वाळलेल्या गवताचं कुसळ भिंगरीच्या बोटांच्या फटीत शिरलं आणि पाय टम्म सुजला. गोचीड कानामागे चिकटून मटारासारखी फुगली. एका डबक्यावर हिरवट साय धरली होती आणि भिंगरी तहानेने तिकडे झेपावली. तेव्हा बाबांनी मला असं खेचलं की तिचे पुढचे पाय हवेत! लेकीला वाईट वाटलं. "पिऊ दे ना बाबा, तिला तहान लागलीय," ती म्हणाली. पण जनावरांच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं, की तसलं पाणी पोटात गेलं तर कुत्रं दगावू शकतं. त्या दिवसापासून आई बाटलीत पाणी घेऊन निघायची, आणि घरी आल्यावर लेक भिंगरीचे चारी पाय, कान, पोट हाताने चाचपून बघायची.

माझं तेव्हा घरात फार कौतुक होतं. "साखळी होती म्हणून वाचली," असं शेजाऱ्यांनाही सांगितलं गेलं. नाव चुकीचं असलं तरी कौतुक ते कौतुक.

एकदा मात्र बाबांनी मला खांद्यावर टाकलं आणि भिंगरीला मोकळं सोडलं. ओढ्यापलीकडच्या मोठ्या कुरणात गाई चरत होत्या. भिंगरी थेट एका वासराकडे धावली. तिला फक्त वास घ्यायचा होता, पण वासराला ते कसं कळणार? ते हंबरत पळालं. ते कुरण आणि गाई दूधवाल्या काकूंच्या होत्या. त्या हातातली बादली टाकून तरातरा आल्या.

"अहो दादा, कुत्रं पट्ट्यात ठेवा! माझं वासरू बिथरून कुंपणाच्या तारेत गेलं तर? इथं आलात की धरून ठेवायचं."

बाबा ओशाळले. "चुकलं माझं. पुन्हा नाही होणार," ते म्हणाले. आणि बाबांचा शब्द म्हणजे शब्द. त्यानंतर कुरणाच्या फाटकाशी पोचलो की माझे दोन वेढे त्यांच्या मनगटावर पडलेच म्हणून समजा.

यानंतरचे दिवस माझ्यासाठी बरे गेले नाहीत. भिंगरीबरोबर मी ओढ्यात भिजायचो आणि घरी आलो की तसाच चुलीजवळच्या खुंटीवर टांगला जायचो. चामडं असं वाळलं की कडक होतं, त्याला भेगा पडतात. माझ्या आकड्यात वाळू गेली, आतल्या स्प्रिंगला गंज चढला. आकडा उघडताना आईचं नख तुटलं, तेव्हा ती म्हणाली, "अहो, याला दोन थेंब तेल सोडा ना. अडकतोय तो."

"उद्या सोडतो," बाबा म्हणाले. त्यांचा उद्या काही उजाडला नाही. कप्पीला मात्र ते न चुकता तेल घालायचे. मला राग यायचा, खोटं कशाला सांगू?

आणि मग ती सकाळ आली.

आम्ही कुरणाच्या फाटकाशी पोचलो. गाई आज नेहमीपेक्षा जास्त होत्या आणि त्यांच्या पायाशी नुकती जन्मलेली, पाय लटपटणारी वासरं होती. आई थबकली.

"अहो, आज आतून नको. कुंपणाबाहेरच्या वाटेने जाऊ."

"अगं, केवढा वळसा पडेल! आणि भिंगरी पट्ट्यात आहे की. मी धरलंय ना!"

"मी लेकीला घेऊन बाहेरूनच येते. तुम्हाला जायचं तर जा."

बाबा आत शिरले. माझे दोन वेढे मनगटावर पक्के. कुरणाच्या मध्यावर आलो तेव्हा एका गाईने मान वर केली. मग दुसरीने. मग सगळ्याच आमच्याकडे बघत चालू लागल्या, आणि बघता बघता धावू लागल्या. भिंगरी घाबरून बाबांच्या दोन्ही पायांमधून फिरली. मीही त्यांच्या पोटऱ्यांना गुंडाळला गेलो.

पलीकडच्या टोकाला दूधवाल्या काकू पाण्याची टाकी घासत होत्या. त्या जिवाच्या आकांताने ओरडल्या, "सोडा तिला! अहो दादा, कुत्रं सोडा!"

"सोडू कसं? तुम्हीच म्हणालात ना, धरून ठेवा!" बाबा ओरडले आणि त्यांनी मला आणखी घट्ट धरलं.

"गाई तिच्यावर येतायत, तुमच्यावर नाही! सोडा!"

मित्रांनो, बाबांना सोडायचं नव्हतं असं नाही. पण आयुष्यभर न सुटलेला हात एका हाकेने कसा सुटेल? जितका धोका जवळ, तितकी त्यांची मूठ घट्ट. पहिली गाय आली. तिला भिंगरी हवी होती, मध्ये बाबा होते. तिच्या डोक्याची धडक त्यांच्या बरगड्यांत बसली आणि ते कोसळले. भिंगरीने जीव खाऊन उडी मारली, माझा फास मनगटावर आवळला आणि कट्ट असा आवाज झाला. तो आवाज मी कधीच विसरणार नाही. मी तुटलो नव्हतो. बाबांच्या मनगटाचं हाड मोडलं होतं.

तेव्हा कुठे त्यांनी दुसऱ्या हाताने माझे वेढे ओढून काढले.

भिंगरी सुसाट निघाली आणि तिच्यामागे फरपटत मी. गाई बाबांना ओलांडून आमच्या मागे. कुंपणापलीकडे आई आणि लेक उभ्या होत्या. भिंगरी तारेखालून त्यांच्याकडे घुसली, अर्धी बाहेर गेली आणि गचकन थांबली. माझी मूठ एका मोडक्या खुंटात अडकली होती. मी ताणलो. मी काही तुटायचा नव्हतो. त्या क्षणी मला पहिल्यांदा वाटलं, मावशींनी मला इतकं मजबूत शिवायला नको होतं.

आई गुडघ्यांवर बसली आणि आकडा उघडू लागली. आकडा हलेना. वाळू, गंज आणि उद्यावर टाकलेलं तेल, सगळं एकदम आडवं आलं. गाईंच्या खुरांनी जमीन हादरत होती.

"आई, लवकर! आई!" लेक रडत ओरडत होती.

आईने आकडा सोडला आणि भिंगरीच्या गळ्यातल्या पट्ट्यालाच हात घातला. त्याचं बक्कल तिने सगळा जोर लावून उघडलं. भिंगरी सुटली आणि पलीकडे गेली. दुसऱ्याच क्षणी गाई कुंपणाशी येऊन धडकल्या. तारा वाजल्या, खुंट हलले. कुत्रं दिसेनासं झालं तसं त्यांनी जोराने श्वास सोडले, आणि थोड्या वेळाने वळून आपल्या वासरांकडे गेल्या. मी रिकामा गळपट्टा घेऊन चिखलात पडून राहिलो.

काकू काठी घेऊन धावत बाबांपाशी पोचल्या. बाबांना उठता येत नव्हतं. चेहरा पांढराफटक पडला होता, हात छातीशी धरला होता. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "भिंगरी?"

"आहे हो, आहे!" आई पलीकडून ओरडली. भिंगरी लेकीच्या गुडघ्यांत तोंड खुपसून थरथरत होती. पाठीवर तारेचा ओरखडा होता, बाकी सुखरूप.

हे ऐकून बाबा रडले. छपराच्या कडेवर ताठ उभा राहणारा तो माणूस गवतात पडून लहान मुलासारखा रडत होता. मलाही फार वाईट वाटलं.

काकू त्यांच्याजवळ बसल्या. "धरा म्हणून मीच सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "पण मी अर्धंच सांगितलं. वासरांजवळ धरायचं, ते बरोबरच. आणि वासरं तान्ही असली की मुळात लांबून जायचं. पण गाय अंगावर आली, की सोडून द्यायचं. कुत्रं तिच्यापेक्षा जोरात पळतं. तुम्हाला नाही पळता येत."

बाबांचा हात बरेच दिवस प्लास्टरमध्ये होता. छपरावर चढणं बंद. घरात बसून त्यांनी पहिलं काम काय केलं असेल? डाव्या हाताने माझ्या अंगाला तेल चोळलं. नवा आकडा आणून मावशींकडून शिवून घेतला. मावशींनी सगळी हकिकत ऐकली आणि म्हणाल्या, "मी न तुटणारा पट्टा शिवते हो. न सोडणारा माणूस कुठं शिवते?"

प्लास्टर निघाल्यावर आम्ही पुन्हा फिरायला निघालो. दारातच त्यांच्या हाताने आपसूक दोन वेढे घेतले. "बाबा, वेढा!" लेक ओरडली. ते दचकले आणि त्यांनी मला सोडवून नुसतं तळहातावर धरलं. पुढे अंगणात त्यांचा सराव सुरू झाला. लेक गाय व्हायची, हंबरत धावून यायची आणि बाबांनी मूठ उघडायची. पहिले कितीतरी दिवस ती धावून आली की मूठ उलट आवळायची. आई हसून म्हणायची, "छपरावरचं कौल उतरेल, पण ही मूठ उघडायची नाही." तिचे डोळे मात्र हसत नसायचे.

मित्रांनो, मी आता म्हातारा झालो आहे, म्हणून हक्काने सांगतो. कुत्र्याला रानात नेलंत तर मला बरोबर घ्या आणि गुरांजवळ, पाण्याजवळ, रस्त्याजवळ मला लावा. घरातून निघण्याआधी माझा आकडा, माझी शिवण तपासा. मला वेळेवर तेल द्या. पण मला मनगटाला गुंडाळू नका आणि सगळा भार माझ्यावर टाकू नका. मी धरून ठेवू शकतो. सोडून देणं मला येत नाही. ते तुमच्या हाताला यावं लागतं, आणि ते आधी शिकून ठेवावं लागतं.

आता कुरणाच्या फाटकाशी आलो की बाबा थांबतात. गाई कुठे आहेत, वासरं आहेत का, ते नीट बघतात. मग एकदा मूठ पूर्ण उघडतात. मी गवतात पडतो. भिंगरी मागे वळून बघते आणि जागच्या जागी उभी राहते. बाबा मला उचलून घेतात आणि आम्ही कुंपणाबाहेरच्या लांबच्या वाटेने चालू लागतो.