चिखलात फसलेली गाडी

साल एकोणीसशे चौसष्ट. नांदुऱ्याजवळच्या आमच्या गावात शाळेच्या ओसरीला पहिल्यांदाच सिमेंट पडत होतं. मी सातवीत होते.

नव्या मास्तरीण बेबीताई दर शनिवारी आम्हाला खेळ शिकवत. खेळायला नव्हे, बनवायला! एकदा त्या म्हणाल्या, "ज्याचा खेळ दुसरे शेवटपर्यंत रंगून खेळतील, त्याचा पट ओल्या सिमेंटात कोरू." माझं जेवणावरचं लक्षच उडालं. रोज सकाळी मी काढलेली रांगोळी दुपारपर्यंत पायाखाली जायची. हे मात्र टिकणार होतं!

बेबीताईंची रीत साधी. पट कोळशानं फरशीवर काढायचा, सोंगट्या म्हणून खडे. "सजवू नका. पुसताना जीव तुटेल असं आधी काढूच नका." दुसरे खेळत असताना बनवणाऱ्यानं तोंडात चिंचोका धरायचा, म्हणजे समजावून सांगता येत नाही.

माझा खेळ होता कापसाच्या गाड्या खामगावच्या बाजारात नेण्याचा. चार फोडलेले चिंचोके टाकायचे, आतून पांढरे, बाहेरून काळे. जितके पांढरे, तितकी घरं पुढे. चारही काळे पडले की गाडी चिखलाच्या घरात. मग चारही पांढरे पडेपर्यंत तिथंच.

शनिवारी उकंडराव गवंडी शेवटचा कोपरा लिंपत होते. "आवरा पोरंहो, माल घट्ट होऊन राह्यला!"

कडूबाचा खेळ तीन डावांत संपला. "आँ? झाला बी?" तो स्वतःच म्हणाला.

मग माझा. झुंबर आणि सत्यभामा बसल्या. सत्यभामाची गाडी फसली. झुंबरला तीन पांढरे पडले, तरी तिनं आपला खडा सत्यभामाच्या खड्याशेजारी नेऊन ठेवला.

"काऊन थांबली वं?" कडूबा ओरडला.

"फसलेली गाडी टाकून कोनी पुढं जाते काय? लोकं नाव ठेवतीन!"

"ऊं! ऊं!" मी चिंचोक्यासकट हातवारे केले. सगळे हसले. पण दोघीही तिथंच अडून बसल्या. खेळ संपेचना!

बेबीताई माझ्या कानाशी वाकल्या. "चूक तिची, का पटाची?"

मला एकदम आमच्या बाबांची गाडी आठवली. ओढ्यात फसली तेव्हा मागच्या गाडीवाल्यानं आपले बैल सोडून आमच्या गाडीला लावले होते. झुंबरचं बरोबर होतं! मी कोळसा उचलला आणि चिखलाच्या घराशेजारी दोराने जोडलेल्या दोन गाड्या काढल्या.

झुंबरनं निरखून पाहिलं. "हाव! दोर लावला वाटते!" तिनं चिंचोके टाकले. दोन पांढरे. दोन्ही खडे दोन घरं पुढे! पुढल्या डावाला सत्यभामाला चार पडले आणि ती थेट बाजारात.

"थांब वं! तुले म्याच काढलं ना!"

"मंग काय झालं? रामराम!"

उकंडरावांनी माझ्या हातात खिळा दिला. "कोर पोरी, लवकर!" आनंदात मी चिंचोका गिळलाच.

"आता पोटात झाड येते तुझ्या," झुंबर म्हणाली.

पुढे उकंडराव लवकर वारले. बेबीताई खामगावला मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाल्या. कडूबा एस.टी.चा ड्रायव्हर झाला. सत्यभामा शेगावात असते. आधी आपणच पोचलो हे अजून ऐकवते. मी एकतीस वर्षं शिकवलं, पिशवीत चिंचोके ठेवून. शाळा पाडली तेव्हा झुंबरनं माझा पट कोरलेला तो कोपरा बैलगाडीतून घरी नेला. तिच्या अंगणात तिची नातवंडं त्यावर खेळतात. दोर कशाचा, हे त्यांना अजून कुणी सांगावं लागलेलं नाही.