बारकोडचं बटण आणि शेजारची खुर्ची

औषधाच्या बाटल्यांची लेबलं छापणाऱ्या कारखान्यात बारकोडचं बटण रुसलं, त्याला आज चौथा दिवस. मालकांनी कम्प्युटरवाल्याला सकाळीच बजावलं, "पाचपर्यंत चालू झालं तर ठीक. नाहीतर उद्यापासून तुम्ही मोकळे."

"बरं," तो म्हणाला. वाईट वाटायला हवं होतं, वाटलं नाही. दाढेला भूल दिल्यावर गाल जसा आपला राहत नाही, तसं त्याचं सगळंच झालं होतं.

बटण दाबलं की लेबलाच्या प्रोग्रामनं बारकोड काढणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रामला हाक मारायची, एवढंच. ही जोडणी त्यानंच केलेली. पण लेबलाच्या टेबलावरच्या मावशींनी दाबलं की पडद्यावर पाटी यायची, 'आज्ञा सापडली नाही'. तो येऊन स्वतः प्रोग्राम उघडायचा, तेव्हा बारकोड बिनबोभाट. तपासून, प्रोग्राम बंद करून तो जिना उतरतोय तोवर मागून हाक, "अहो, गेलं परत."

असं बावीस वेळा.

"तुमचा पायगुण हो," मावशी म्हणाल्या. "आमच्या धाकट्या जावेचं असंच. तिनं हात लावला तरच मिक्सर चालतो."

"दुसऱ्यानं लावला तर?"

"वास येतो."

साडेतीनला तो पहिल्यांदाच हात बांधून बसला आणि मावशींना उघडू दिलं. त्यांनी पडद्यावरच्या चित्रावर दोनदा टिचकी मारून प्रोग्राम उघडला आणि बटण दाबलं. पाटी आली.

"बघा. आज हात लावला नाहीत ना."

मग त्याला दिसलं. तो आपला सवयीनं, आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत नाव टाइप करून प्रोग्राम उघडत होता. त्या खिडकीला बारकोडच्या प्रोग्रामचा पत्ता ठाऊक, चित्राला नाही. आणि त्यानं जोडणीत नुसतं नाव लिहिलेलं. बिनपत्त्याचं पत्र पेटीत टाकून पोस्टमनला शिव्या देण्यातला प्रकार. त्यानं पूर्ण पत्ता लिहिला. एक ओळ. मग दारात जाऊन उभा राहिला. मावशींनी चित्रावरूनच उघडून अकरा वेळा दाबलं, अकरा वेळा चाललं.

"एका ओळीसाठी चार दिवस?" मालक म्हणाले. "आणि आता चाललंय, तर तुमचं इथे काम काय?"

त्यानं प्रामाणिकपणे विचार केला. "काही नाही."

त्यानं डब्याची पिशवी उचलली. तशी मावशींनी माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"ते गेले तर मी दाबणार नाही."

"अहो, दुरुस्त झालंय."

"मिक्सरही झाला होता दुरुस्त."

खाली ट्रक उभा होता. लेबलं व्हायची होती सहाशे. मालकांनी घड्याळ पाहिलं, मावशींकडे पाहिलं, आणि पायानंच खुर्ची पुढे सरकवली. "बसा. उद्याही या."

तो बसला. थोड्या वेळानं बायकोचा फोन आला.

"राहिली का नोकरी?"

"राहिली."

"काम काय दिलंय?"

मावशींनी बटण दाबलं. बारकोड आला. त्यांनी तरीही वळून, तो आहे ना, हे पाहून घेतलं.

"बसायचं," तो म्हणाला.