काचेच्या डोळ्यातली बाहुली

मी एक डोळा आहे. दचकू नका, काचेचा आहे. ह्याला काय दिसणार, असं म्हणून लोक माझ्यासमोर खुशाल नको ते करतात. माझ्याकडे कानाडोळा करणारे मी फार पाहिलेत.

एका कारागिराने मला फुंकून घडवलं. समोर सर बसले होते, इंग्रजी शिकवणारे. त्यांचा एक डोळा दुखण्यात गेला होता. शेजारी त्यांची बायको, आणि तिने कारागिराला नुसतं भंडावून सोडलं. "एवढं काळं बुबुळ नको हो! ह्यांचं जरा मधाकडे झुकतं." बिचाऱ्याने पुन्हा पुन्हा रंग कालवला.

सरांना शब्दांची मुळं उकरायचा भारी नाद. चहाचा कप हातात आला की सुरू. "विंडो म्हणजे काय गं? वाऱ्याचा डोळा! आणि डेझीचं फूल म्हणजे दिवसाचा डोळा. उजाडलं की उघडतं."

"आणि चहा निवला त्याला काय म्हणतात?" बाई विचारायच्या.

पण एका शब्दाला त्या भुलल्या. डोळ्यातल्या काळ्या ठिपक्याला इंग्रजीत प्यूपिल म्हणतात. शब्द लॅटिनमधून आलेला, अर्थ छोटीशी बाहुली. समोरच्याच्या डोळ्यात आपण एवढेएवढेसे दिसतो ना, म्हणून.

"अय्या, आपणही बाहुलीच म्हणतो की!"

"बघ ना. कुणी कुणाला न विचारता."

तेव्हापासून रोज सकाळी मला धुताना बाई चष्मा कपाळावर सरकवून माझ्यात डोकावायच्या. "अहो, ह्या डोळ्यातही मीच आहे हं. दुसरी कुणी दिसली तर याद राखा!"

मग बाई गेल्या. साध्या तापाचं निमित्त झालं. मला धुवायचं काम सरांकडे आलं. मला तळहातावर घेऊन ते खिडकीपाशी जायचे आणि म्हणायचे, "आहेस ना?" मला वाटलं, म्हाताऱ्याला भ्रम झाला. पण एकदा मला वाटीत ठेवून ते टॉवेल आणायला गेले. खोलीत चिटपाखरू नव्हतं, तरी माझ्यात कुणीतरी होतं. कपाळावर चष्मा. अंगावर काटा यायला मला अंग नाही, नाहीतर आला असता.

वर्षं गेली. माझ्यावर चरे पडले, सरांच्या डोळ्याची खोबण चिघळू लागली. डॉक्टरांनी त्यांच्या लेकीला बाजूला घेऊन सांगितलं, हा काढून नवा बसवा, नाहीतर चांगला डोळाही हातचा जाईल.

लेक घरी येऊन सरळ म्हणाली, "बाबा, हा डोळा आता टाकायचा."

"टाकायचा? तुझी आई आहे त्यात."

"असं काय करता हो? दुसराही गेला म्हणजे?"

"गेला तर गेला."

ती रडली, चिडली, पण सर हट्टाला पेटले होते. शेवटी त्यांनी मला काढून तिच्या हातावर ठेवलं. "तूच बघ. नीट बघ. कुणी नसलं त्यात, तर खुशाल टाक. तुझ्या शब्दाबाहेर नाही मी."

लेकीने मला उजेडात धरलं. तिला चष्मा नाही. आणि माझ्यात दोघी होत्या, एक ती, आणि तिच्या खांद्याआडून डोकावणाऱ्या बाई, चष्मा कपाळावर सरकवून. ओठावर आलेली हाक लेकीने गिळली.

"काय दिसतंय?" सरांनी विचारलं.

"मीच दिसतेय, बाबा. दुसरं कुणी नाही."

सर म्हणाले, "बरं. टाक मग." लेक खोटं बोलेल असं त्यांच्या मनातही आलं नाही. मला फार वाईट वाटलं.

आता सरांना नवा डोळा आहे. दुसरा, स्वतःचा, शाबूत आहे, त्याने ते अजून पुस्तकं वाचतात, शब्द उकरतात. मी लेकीच्या कपाटात आहे, डबीत, कापसात. कधी हाती लागलो तर मला कचऱ्यात तेवढं टाकू नका. मी एकटा नाही.

अधूनमधून लेक खोलीचं दार लावते आणि डबी उघडते. बाईंचे ओठ हलतात. मध्ये काच, आवाज काही बाहेर येत नाही. पण दरवेळी विचारणं तेच असतं आणि लेकीला ते कळतं.

"हो गं आई," ती हळूच म्हणते, "दिसतंय बाबांना. अगदी नीट दिसतंय."