दौलतरावांचा नकार

रिठदमध्ये कुणाला मान देऊ केला की त्यानं दोनदा नाही म्हणायचं आणि तिसऱ्यांदा लोकांनी गळ घातली की नाइलाज झाल्यासारखं हो म्हणायचं, अशी रीत. दौलतरावांनी याच वाटेनं दोन समित्या आणि एक अध्यक्षपद मिळवलं होतं.

त्यांची पुतणी निकिता पुण्यात कॉम्प्युटरचं काम करते. तिनं गावच्या लग्नाच्या भांड्यांच्या खोलीला फोनवर उघडणारं कुलूप बसवून दिलं. कुलपाचे नियम स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमध्ये, म्हणजे एकदा चढवले की लिहिणाऱ्यालाही बदलता येत नाहीत असे. 'चावीवाला' खोली उघडणार. चावीवाला कोण, हे 'मुख्य' ठरवणार. मुख्य म्हणून निकितानं मोठ्या आईचं, म्हणजे दौलतरावांच्या बायकोचं, पंचफुलाबाईंचं नाव सुचवलं. दौलतराव भरसभेत म्हणाले, आमच्या हिला फोनमधले फोटोही उलटे दिसतात. सभा हसली. पंचफुलाबाई हसल्या नाहीत.

मग मुख्य दौलतरावच झाले. त्यांनी घरी फोन उघडला, तर 'भूमिका सोडा' असं बटण दिसलं. माणूस रीतीचा. त्यांनी दाबलं. "नक्की सोडायची?" असं फोननं विचारलं, तेव्हा यंत्रालाही वळण आहे हे पाहून त्यांना बरं वाटलं. पुन्हा दाबलं आणि तिसऱ्या विनंतीची वाट पाहत बसले. फोन पुढं काही बोलला नाही. लाजत असेल, म्हणून त्यांनी सोडून दिलं.

हे उघड झालं त्यांच्या मुलाच्या, गोलूच्या साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या दिवशी. कणीक भिजली होती, वांगी चिरली होती, कामरगावहून पाहुण्यांच्या जीपा निघाल्या होत्या आणि भाजीचे मोठाले गंज, कढया, पराती कुलपात. दार लोखंडी, चौकट सिमेंटात. तो आग्रह दौलतरावांचाच.

निकितानं लॅपटॉपमध्ये पाहिलं. "मोठे बाबा, तुमी तं मुख्यपद सोडून देलं."

"सोडलं नाई. नाई म्हनलो. फरक असते."

"त्याले नाई समजत."

आता मुख्य कुणीच नव्हता, आणि नवा मुख्य करायला आधी मुख्य लागत होता. चावीवाला मात्र एक होता. मुख्यपद दौलतरावांकडे देण्याआधी कुलूप तपासताना निकितानं ती भूमिका हाताशी होता त्या फोनला दिली होती. फोन पंचफुलाबाईंचा. ती आता काढून घेणारंही कुणी उरलं नव्हतं.

पंचफुलाबाई अंगणात सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडत होत्या. दौलतराव पुढं जाऊन उभे राहिले. मागं अर्धं गाव.

"खोली उघडून दे."

"नाई जी. मले फोटो उलटे दिसते."

"गोलूचं साक्षगंध हाय."

"नाई. गावात माह्यापेक्षा मोठे लोक हायेत."

दौलतरावांना हिशेब समजला. त्यांनी टोपी काढली, हात जोडले.

"आता एवढी गळच घालता तं," पंचफुलाबाई म्हणाल्या आणि उठल्या.

खोली उघडली. गंज निघाले, कढया निघाल्या, दार आपोआप लागलं. चुलीपाशी गेल्यावर ध्यानात आलं, झारा आतच राहिला. पंचफुलाबाई पुन्हा सांबार निवडायला बसल्या होत्या. लांबून जीपचा हॉर्न ऐकू आला.

दौलतरावांनी टोपी काढली आणि पुन्हा पहिल्यांदा विचारलं.