मधली काच

दिवाणखान्यातली माशांची पेटी अप्पांनी स्वतःच्या हातांनी बनवली होती, आणि ती पाहून 'वा' म्हटल्याशिवाय घरात आलेल्या माणसाला पाणीसुद्धा मिळत नसे. अप्पांचा उभा जन्म काच कापण्यात गेलेला. सांध्यातून थेंब पाझरणार नाही, कडेवरून बोट फिरवलं तर ओरखडा उठणार नाही, असं त्यांचं काम. "काच अशी लावावी," ते म्हणत, "की काच आहे हेच कळता कामा नये." हे वाक्य घराला इतकं पाठ झालं होतं, की थोरली सून स्वयंपाकघरात नुसते ओठ हलवून त्यांच्याबरोबर ते म्हणायची.

त्या पेटीत थोरल्या मुलाने एक मासा आणून सोडला. अंगाने कोळसा आणि शेपूट लालभडक. हा तळाशी राहणारा, ह्याला आपल्या जातीचा शेजार खपत नाही, एकटाच ठेवा, असं विकणाऱ्याने बजावलं होतं. थोरल्याने जेवताना ते सगळ्यांना सांगितलं. धाकट्याने मुकाट ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी तस्साच दुसरा मासा घेऊन आला.

"पेटी काय एकट्याची आहे?" एवढंच बोलून त्याने पिशवी पाण्यात उलटी केली.

तळाशी लपायला जागा एकच होती, फुटक्या कुंडीचा अर्धा तुकडा. थोरल्याचा मासा त्याखालून सुटला तो सरळ नव्याच्या पोटावर. धडक एवढी की नवा वाळूवर आडवा झाला. तो उठतोय तोवर पहिल्याने त्याची शेपूट धरली आणि लाल लक्तर तोडून बाजूला थुंकलं. मग नवाही पेटला. त्याने वळून पहिल्याच्या डोळ्यावर तोंड मारलं, पुन्हा मारलं, आणि डोळ्याच्या जागी पांढरट खळगा राहिला. खवले सुटून गिरक्या घेत खाली बसत होते. आणि आमचे हे दोन घोडे, बायकामुलांचे बाप, सोफ्याच्या दोन टोकांना बसून आपापल्या माशाला चेव आणत होते.

"घे! गळाच धर त्याचा!"

"तुझा आंधळा झाला रे, बघ!"

"अरे, मुडदे आहात का माणसं?" आई ओरडली. "अहो, तुम्ही तरी काही करा."

अप्पांनी केलं. दुकानातून एक काच कापून आणली आणि पेटीच्या बरोबर मध्ये सरकवून दिली. इकडे एक मासा, तिकडे एक. सगळ्या भांडणांवर अप्पांकडे हे एकच औषध होतं आणि ते त्यांनी आधी माणसांवर वापरून पाहिलं होतं.

दुकानात दोघा भावांचं गिऱ्हाइकांवरून रोज वाजायचं. एकदा थोरल्याने धाकट्याच्या थोबाडीत मारली, दात हलला. त्या आठवड्यात अप्पांनी दुकानाच्या मधोमध जमिनीपासून छतापर्यंत काच उभी केली. दोन टेबलं, दोन दारं, पण बाहेर पाटी एकच. "दोघं एका पाटीखाली राहिले की मी सुखाने डोळे मिटीन," ते म्हणायचे, आणि खरोखर त्यांना दुसरं काही नको होतं. काच त्यांनी गोदामातली सगळ्यात निर्मळ निवडली. लोक तिच्यावर नाक आपटायचे आणि अप्पा खूश व्हायचे.

घरच्या पेटीतही नाकं आपटायला लागली. मधल्या काचेपलीकडे वैरी ढळढळीत दिसतोय म्हटल्यावर मासे थांबतात कशाला? सकाळी पेटीतला दिवा लावला की दोघे आपापल्या कोपऱ्यातून सुटायचे आणि काचेवर आदळायचे. टक्. टक्. चहा पिताना टक्, जेवताना टक्. थोरल्याच्या माशाचं तोंड सोलून गुलाबी मांस दिसायला लागलं. त्याने खाणं सोडलं, पण धडका सोडल्या नाहीत.

"दिसतंय म्हणून चवताळतात ते," आई म्हणाली. "पलीकडचं दिसणार नाही अशी धुरकट काच लावा ना. आणि दुकानातही तीच लावा म्हणते मी."

"काचवाल्याच्या घरात धुरकट काच?" अप्पा हसले. "लोक तोंडात शेण घालतील. होईल सवय त्यांना."

"कुणाला?"

अप्पा उठून पेटीची काच पुसायला लागले. आपल्या मालावर बायकोने बोट ठेवलेलं त्यांना कधीच आवडलं नव्हतं.

काचकामात एक नियम असतो, आणि अप्पांनी तो मुलांना अक्षरशः मारून शिकवला होता. काच पडायला लागली की तिला धरायला जायचं नाही. दोन पावलं मागे आणि हात पाठीमागे. लहानपणी कुणाचा हात चुकून पुढे आला की त्यावर लाकडी पट्टी बसायची. "काच दुसरी मिळते, हात मिळत नाही," अप्पा सांगायचे. दोघांच्या हातांवर म्हणूनच एकही मोठी खूण नव्हती.

त्या दिवशी शाळेचे हेडमास्तर आले. सगळ्या वर्गांच्या खिडक्या बदलायच्या होत्या. ते थोरल्याचं जुनं गिऱ्हाईक, पण धाकट्याने दारातच त्यांना गाठलं आणि गोड बोलून आपल्या बाजूला नेलं. थोरला काचेतून बघत होता. हेडमास्तर खुर्चीत बसले, धाकट्याने टेप काढला, आणि मान वळवून काचेपलीकडच्या भावाला भुवया उडवून दाखवल्या.

दारातून फिरून जायला दहा पावलं लागली असती. थोरल्याला तेवढाही धीर नव्हता. त्याने कोपऱ्यातला लोखंडी गज उचलला आणि सरळ काचेवर घातला.

खालची अर्धी काच एका आवाजात कोसळली. गजाच्या जोराबरोबर थोरल्याचा हात मनगटाच्या वरपर्यंत आरपार गेला आणि उभ्या राहिलेल्या तुकड्यांत अडकला. ओढावा तर मांस फाटणार. आणि वर, चौकटीत, उरलेली अर्धी काच नुसती लोंबत होती, हळूहळू खाली सरकत होती.

"धाकट्या, धर!" थोरला ओरडला. "वर धर तिला!"

कातड्याचे हातमोजे धाकट्यासमोर टेबलावरच पडले होते. त्याने मोज्यांकडे पाहिलं. वर काचेकडे पाहिलं. मग तो दोन पावलं मागे सरला आणि त्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

काच आली. थोरल्याच्या हातावर मनगटाच्या जरा वर उतरली आणि हाडावर थांबली. रक्ताची पिचकारी हेडमास्तरांच्या शर्टावर उडाली. थोरला आधी ओरडलाच नाही, आपल्या हाताकडे नवल वाटल्यासारखा बघत राहिला, आणि मग असा ओरडला की रस्त्यावरची माणसं धावत आली. मागे काचेच्या कडा घासायच्या यंत्रापाशी उभ्या असलेल्या अप्पांनी पहिल्यापासून सगळं पाहिलं होतं. दिसायला मध्ये काही नव्हतंच.

हात वाचला, पण शिरा तुटल्या होत्या. बोटं आता मिटणार नाहीत, डॉक्टर म्हणाले. दवाखान्याच्या व्हरांड्यात अप्पांनी धाकट्याला गाठलं.

"मोजे समोर होते."

"पडत्या काचेला हात लावायचा नाही," धाकटा म्हणाला. "तुम्हीच शिकवलंत."

अप्पांनी त्याच्या कानाखाली वाजवली. मग दुसरी, मग ओठ फुटेपर्यंत मारत सुटले, आणि शेवटी आईने मध्ये पडून त्यांचा हात धरला. धाकट्याने सगळा मार खाल्ला. हात त्याने तेव्हाही पाठीमागेच ठेवले होते.

"भाऊ होता रे तुझा," अप्पा रडत म्हणाले.

"मला रोज दिसत होता तो," धाकटा म्हणाला.

घरी आले तेव्हा थोरल्याचा मासा मधल्या काचेशी मरून पडला होता. जबडा मोडून आत गेला होता. पलीकडचा अजून तिथेच धडका देत होता, मेलेल्यावर. आईने जाळीने मढं उचललं आणि बाहेर नेऊन टाकलं. तिने बोल लावले असते तर अप्पांना बरं वाटलं असतं.

अप्पांनी मग जन्मात केलं नव्हतं ते केलं. नवी काच घेतली, तिच्यावर रेती टाकली आणि दगडाने घासायला बसले. निर्मळ काच घासून घासून ती दुधासारखी पांढरी केली, पार छतापर्यंतची. पलीकडची सावलीसुद्धा दिसेना. ती दुकानात मधोमध बसवली. "मध्ये काही नको आता, सगळं मीच बघतो," असं धाकटा म्हणत होता. अप्पांनी ऐकलं नाही. थोरल्याचं टेबल पुसलं, खुर्ची मांडली.

टाके निघाल्यावर थोरला दुकानात आला. आपल्या बाजूला बसला. अप्पांनी त्याचा कटर त्याच्यासमोर ठेवला, त्याने तो डाव्या हाताने उचलून पाहिला आणि खाली ठेवला. पांढऱ्या काचेकडे तो बराच वेळ बघत होता.

"आता दिसत नाही ना तो?" अप्पांनी विचारलं. "आता ठीक आहे ना, बाळा?"

पलीकडे धाकटा शाळेच्या खिडक्या कापत होता. काचेवरून कटर फिरत होता, सरळ, न थांबता, करकर करकर.

"ऐकू येतंय, अप्पा," थोरला म्हणाला.